पुष्पलतेची आलमारी

उकव्याहून मधुवंतीबाईंचा फोनवर आलेला निरोप असा होता : माणूस पाहिला, पसंत आहे. आता रविवारी येऊन स्वयंपाकघर पाहीन. आणि तिथल्या आलमाऱ्या तुमच्या मुलीनं, गीतानं, आपल्या हातानं उघडून दाखवाव्यात. तिनं उघडल्या तर लग्नाला हौ. नाही उघडल्या तर बैहरच्या लग्नात जिलेबीच्या रांगेत झालेली आपली ओळख तिथंच गोड मानू.

भैयालाल लांजेवारांनी हे ऐकलं आणि सदुसष्टाव्या वर्षी, डिसेंबरच्या थंडीत, त्यांनी दोन्ही बाह्या कोपराच्या वर सारल्या.

"सूनबाई, सोडा आहे का घरात?"

"किती पाह्यजे, मामाजी?"

"पूर्ण बालाघाट धुवाचं आहे असं समज."

शनिवारी सकाळपासून अंगणात सगळा संसार मांडला गेला. डबे, बरण्या, चाळण्या, सोऱ्या, कुठल्या तरी दिवाळीला हरवलेलं झाकण आणि त्याच्या शोधात म्हातारं झालेलं पातेलं. आलमाऱ्या सागवानाच्या. लाकडाच्या डेपोत चौतीस वर्षं नोकरी केलेल्या भैयालालांनी एकेक फळी हुंगून घेतलेली. लोक खरबूज निवडतात तसा हा माणूस साग निवडायचा. उमा, त्यांची सून, कोमट सोड्याच्या पाण्यात फडकं पिळून फोडणीचा पिवळा चिकटा काढत होती. एकोणीस वर्षांची नात श्रुतिका जुन्या दातांच्या ब्रशानं बिजागऱ्या घासत होती. भैयालाल मागून कोरड्या बनियननं दारं पुसत होते आणि मध्येच उगाच हसत होते. उमाच्या तोंडून हात चालतील तशा ओळी निघत होत्या. तिला वाटे, कोणी ऐकत नाही.

सोड्याच्या पान्यानं बाई
घासली मी गं दारं,
सागाच्या अंगातून
निंघे रानाचं वारं.

"पुढं?" भैयालाल म्हणाले.

"पुढं काही नाही, मामाजी. पुढचं तुमच्यावर आहे, ते तुमच्यासमोर गाता येत नाही."

"गा ना वो! आज मले कशाचाच राग नाही येणार."

उमानं पदर तोंडाशी नेला, श्रुतिकाकडं पाहिलं, आणि गायली :

सासऱ्याच्या डोईचे
पांढरे झाले केस,
मनाच्या घोड्यानं बाई
ओलांडली वेस.

श्रुतिका ब्रश टाकून लोळायला लागली. "मम्मी, क्या बात है! आबाजी, आपका घोडा!" आणि भैयालाल, ज्यांच्या नुसत्या खोकल्यानं एके काळी डेपोतले मजूर गप्प व्हायचे, कानाच्या पाळीपर्यंत लाल झाले.

सहा आलमाऱ्या रिकाम्या झाल्या, धुतल्या, उघड्या दारांनी उन्हात सुकल्या. सातवी, चुलीच्या उजव्या हाताची, तेवढी बंदच राहिली. ती भैयालालांच्या बायकोची, पुष्पलताबाईंची. त्या गेल्याला सहा वर्षं झाली. तिला हात लावायचा तो फक्त गीतानं, हा गीताचा कायदा. दोन-तीन महिन्यांतून ती गोंदियाहून यायची, आईचे डबे पुसायची, जिथल्या तिथं ठेवायची, दार लावायची. उमा सहा वर्षं आपले मसाले खोक्यात ठेवून, वाकून वाकून स्वयंपाक करत होती आणि कंबरेला बाम लावत होती.

"बाहेरून तर पुसतो," भैयालाल म्हणाले. "बाहेरून पुसाले काही कायदा नाही." त्यांनी ते बंद दार धुतलं. मग कोठीतून तेलाचा डबा आणला. साग धुतला की त्याला जवसाचं तेल पाजायचं, ही त्यांची रीत. दुपारच्या उन्हात तेल पातळ, सोनेरी होतं. त्यांनी सातही दारांना हात सैल सोडून तेल पाजलं, फटींना पाजलं, बिजागऱ्यांना पाजलं.

कोठीत डबे दोन होते, एकसारखे. एकात जवस, दुसऱ्यात हिवाळ्यात टाचांना लावायचं टोरीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं तेल. डोळे मिटून बीजा आणि शिसवाचं लाकूड ओळखणाऱ्या या माणसाला वास कसा कळला नाही? तर गेले आठ दिवस ते सकाळ-संध्याकाळ खसाचं अत्तर लावत होते. त्यांच्या नाकाला आता फक्त भैयालाल लांजेवारांचाच वास येत होता.

गीता रविवारी सकाळी येणार होती. ती शनिवारी संध्याकाळीच फाटकात उभी राहिली.

"बाप्पा! ताई, आज?" उमाच्या हातून चाळणी सुटली.

"काहून? माह्या घरी याले मुहूर्त लागते का?" गीतानं पिशवी खाली ठेवली. "गाडीत राजेगावापर्यंत उभी आली, पाय मोडले माह्ये. चहा टाक, वहिनी." आणि ती थेट स्वयंपाकघरात जाऊन सातव्या आलमारीला पाठ टेकून बसली. तिथून ती जेवायला उठली नाही. ताटही तिथंच मागितलं.

थोरला भाऊ, उमाचा नवरा गुणाकर कचेरीतून आला तेव्हा तिला बरं वाटलं, कारण या बाबतीत तो तिच्या बाजूचा होता.

"दादा, तू तरी सांग त्यायले. ह्या वयात?"

"मी काय सांगू? मी तर आफिसात काय सांगू ह्या चिंतेत आहो. बापाच्या लग्नाची सुट्टी पाह्यजे, असा अर्ज लिहू का?" गुणाकर म्हणाला. पण बोलताना त्याची नजर बहिणीच्या खांद्यावरून मागच्या दाराकडं जात होती. तिथून उमाकडं. उमाची श्रुतिकाकडं. श्रुतिकाची आजोबांकडं.

गीतानं ते पाहिलं. तिला वाटलं, माझी कीव करून राह्यले.

त्या चौघांना खरं तर घाम फुटला होता.

कारण जी आलमारी कोणी उघडत नाही, तीत ठेवलेली वस्तू कोणाला सापडत नाही, हे ज्ञान त्या घरात सहा वर्षांपूर्वीच उगवलं होतं. आधी एकाला, मग हळूहळू चौघांनाही. प्रत्येकाचा एक कोपरा होता. कोणी कोणाच्या कोपऱ्याबद्दल विचारत नसे. गीता येण्याच्या आदल्या रात्री सगळे आपापलं काढून घ्यायचे आणि पुष्पलताबाईंचे डबे पहिल्यासारखे लावायचे. या खेपेला गीता एक रात्र आधी आली होती आणि दाराला पाठ लावून बसली होती.

रविवारी सकाळी गीता आंघोळीला गेली. उमानं मोरीत बादली वाजल्याचा आवाज ऐकला आणि ती धावली. बालाघाट धुक्यात बुडालेलं, फरशी अशी गार की पाय चटकन उचलावा. आलमारीपाशी तिच्या आधी गुणाकर होता. त्याच्या आधी श्रुतिका.

"खुल ही नहीं रहा, पापा!"

"हळू बोल. ओढ."

"ओढलं ना! हाथ फिसल रहा है."

उमानं कडी धरली. बोटं घसरली. रात्रीच्या गारठ्यानं दारावर पांढुरका, मेणासारखा थर धरला होता. फटींतही तोच थर. आणि आत धुण्याच्या पाण्यानं फुगलेलं लाकूड. बाकीची सहा दारं उघडी सुकली होती म्हणून ती चिकट असली तरी हलत होती. हे एकच दार बंद भिजलेलं, बंद तेल प्यालेलं. तुपात बुडवून थिजवल्यासारखं.

भैयालाल दारात येऊन उभे राहिले. नवा पांढरा सदरा, हातात अत्तराचा फाया.

"मामाजी, कोणतं तेल लावलं तुम्ही?"

भैयालालांनी दाराला बोट लावलं, नाकाशी नेलं. खस. पुन्हा नेलं. खसच. मग जिभेला लावलं आणि त्यांचे डोळे मोठे झाले. "टोरी," ते म्हणाले. "अरे बाप्पा. मी तर दाराच्या टाचाले तेल लावलं."

उमा हसली. तिनं स्वतःचं तोंड दाबलं, म्हणून ते हसू खांद्यांतून बाहेर आलं. गुणाकर चिडून म्हणाला, "हसून काय राह्यली? माह्या तिथं एक किलो सोनपापडी आहे. शुगर दोनशे चाळीस आहे माझी, गीतानं पाह्यलं तर आत्ताच मुंडन करन माझं!"

"अन् माझी वही?" उमाचं हसू विझलं. "माझी वही आहे तिथं. तिच्यात... तिच्यात सगळेच आहे."

"मामाजी, तुमचं काय आहे?" उमानंच विचारलं.

"माह्यं काही नाही," भैयालाल म्हणाले. इतक्या लवकर की कोणालाच खरं वाटलं नाही.

मोरीतली बादली थांबली. चौघं चार दिशांना पांगले.

मधुवंतीबाई साडेदहाच्या बसनं आल्या. अठ्ठावन्न वर्षांच्या, ठेंगण्या, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. उकव्याच्या शाळेत एकतीस वर्षं शिकवून निवृत्त झालेल्या. बावीस वर्षांपूर्वी नवरा गेला, मूलबाळ नाही. त्यांनी पोहे खाल्ले, चहा प्याल्या, भैयालालांच्या सदऱ्याकडं पाहून म्हणाल्या, "लांजेवारजी, थोडं अत्तर गावाले राहू द्याचं होतं." श्रुतिकाला त्या तिथंच आवडल्या. मग त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि पाहुणी म्हणून नव्हे, तर पेपर तपासायला बसल्यासारख्या उभ्या राहिल्या.

"चल, गीता बेटा."

गीतानं पहिली आलमारी उघडली. दुसरी. तिसरी. आपण हे का करतोय हे तिला कळत नव्हतं. नाही म्हणायचं असेल तर नीट, शेवटच्या दाराशी म्हणायचं, असं ती रात्रभर ठरवत होती. सहावी उघडली. धुतलेल्या सागाचा आणि कडुलिंबाच्या पाल्याचा वास आला. ती सातव्या दारापाशी थांबली.

"ही माझ्या आईची," ती म्हणाली. आणि कडी ओढली.

दार हललं नाही.

तिनं पुन्हा ओढली. मग दोन्ही हातांनी. सहा वर्षांत कधी असं झालं नव्हतं. तिनं वळून बापाकडं पाहिलं.

"पाह्यलं, बाबूजी? पाह्यलं का? आई नाही म्हणून राह्यली."

भैयालालांचा चेहरा एकदम म्हातारा झाला. पांढरा सदरा त्यांच्या अंगावर मोठा दिसू लागला. आता वहिनी भांडणार, श्रुतिका भांडणार, म्हणून गीतानं पदर खोचला.

"हौ," उमा म्हणाली. "राहू द्या ना मग. कशाले उघडाची?"

"हो आत्या, रहने दो," श्रुतिका म्हणाली.

"बरोबर आहे. श्रद्धेचा प्रश्न आहे," गुणाकर म्हणाला, ज्यानं आयुष्यात देवापुढं उदबत्तीसुद्धा स्वतः लावली नव्हती.

गीतानं तिघांकडं आळीपाळीनं पाहिलं. काल ज्या दोघी तिच्या विरुद्ध होत्या त्याही आज तिच्याहून जास्त तिच्या बाजूच्या झाल्या होत्या, आणि तिला ते बिलकूल आवडलं नाही.

मधुवंतीबाई पुढं झाल्या. त्यांनी फटीतला पांढुरका थर नखानं खरवडला, चोळला, हुंगला.

"टोरी आहे," त्या म्हणाल्या. "आमच्याकडं टाचाले लावतात. थंडीत थिजते, ऊब लागली की पघळते. यात तुझ्या आईचा काही हात नाही, बेटा." त्यांनी रुमालासाठी कमरेशी हात नेला, तो सापडला नाही, तेव्हा बोट पदराला पुसलं. "तुले उघडाची नसन तर नोको उघडू. बाराची बस आहे, मी जाईन. खरं सांगते, राग नाही येणार मले. कोणाच्या घरात न बोलावता घुसली तर बाई जन्मभर पाहुणीच राहते; ते मले नोको. पण तुले नाही म्हणाचं असन तर तू म्हण. दाराच्या तोंडी घालू नोको."

गीता त्या ठेंगण्या बाईकडं पाहत राहिली. नाही म्हणायला तोंड उघडावं तर शब्द आईचा होत नव्हता, तिचाच होत होता.

"श्रुतिका, तुझं केस वाळवाचं मशिन आण," ती म्हणाली.

"आत्या, वो खराब है."

"सकाळी सातले तर भोंग्यासारखं वाजत होतं."

"सात के बाद खराब हुआ."

"गीता, ऐक ना, करंट लागन," गुणाकर म्हणाला.

"लाईट जाईन," उमा म्हणाली.

गीता स्वतः गेली आणि ते मशिन घेऊन आली. लाईट गेली नाही. गरम वाऱ्याखाली पांढरा थर आधी घामेजला, मग पारदर्शक झाला, मग थेंबाथेंबानं ओट्यावर उतरू लागला. मोहाचा जड, रानटी वास घरभर पसरला आणि भैयालालांना आठ दिवसांत पहिल्यांदा खसाखेरीज दुसरा वास आला. त्यांनी डोळे मिटून घेतले. मधुवंतीबाईंनी वरची बाजू धरली, गीतानं कडी.

"एक," मधुवंतीबाई म्हणाल्या. "दोन."

तीनला दार असं सुटलं की दोघी मागच्या मागं गुणाकरवर आपटल्या, गुणाकर उमावर, आणि त्या सगळ्यांवर आलमारीतून सोनपापडीचा डबा उडी मारून आला. झाकण उघडलं. एक किलो सोनपापडीचा बारीक केशरी-पांढरा भुगा धुक्यासारखा उधळला आणि लांजेवारांच्या घराण्यावर हळूहळू बसत गेला. त्यामागून नूडल्सची नऊ पाकिटं. लिपस्टिका, मोजता येणार नाहीत इतक्या. केसांचा कलप. निळ्या पुठ्ठ्याची एक वही, जी उघडीच पडली. आणि सगळ्यात शेवटी, अगदी सावकाश, घडी घातलेला, कडेला जांभळी वेल विणलेला एक बायकी रुमाल.

"अगंबाई," मधुवंतीबाई बसल्या बसल्या म्हणाल्या. "हा तर माझा. बैहरपासून शोधते मी ह्याले."

गीताच्या भुवयांवर सोनपापडी होती. तिनं रुमाल उचलला.

"आईच्या आलमारीत?" ती म्हणाली. आवाज अगदी बारीक. "बाबूजी, आईच्या आलमारीत?"

डेपोतला माणूस जसा ओंडक्यावर हात ठेवून बोलतो तसा भैयालालांनी उघड्या दारावर हात ठेवला.

"दुसरीकडं कुठं ठेवू, बेटा? जिंदगीभर माह्यं जे काही लपवाचं असे, ते मी तुझ्या आईजवळच ठेवलं. साहेबानं हाकललं होतं ते, बिडी प्यायचो ते, कर्ज घेतलं होतं ते. हा रुमाल आणला अन् हातात धरून घरभर फिरलो. कुठं ठेवावा कळेच ना. शेवटी हिच्याजवळ ठेवला, तवा झोप लागली."

गीतानं आलमारीत पाहिलं. एवढं सगळं बाहेर पडूनही मागच्या रांगेत आईचे डबे होते तसेच उभे होते. हळदीचा, धण्याचा, वाकड्या झाकणाचा चहाचा. प्रत्येकाचं तोंड त्याच्या त्याच्या बाजूला. धूळ नाही, जाळं नाही. दोन-तीन महिन्यांतून एकदा पुसलेले डबे इतके लखलखत नाहीत, हे कोणत्याही बाईला कळतं. तिला ते सहा वर्षांत कळलं नव्हतं.

"हे कोण लावते?"

"हम सब," श्रुतिका म्हणाली. तिनं मोबाईल पुढं केला. "दादी गेल्यावर मी फोटो काढला होता ना आत्या, तुमने पहली बार लगाया था तब. ते पाहून लावतो. चाय का डब्बा थोडा टेढा रखना पडता है. पापा सीधा रख देते हैं, फिर मम्मी टेढा करती है."

तोवर मधुवंतीबाईंच्या हातात निळी वही आली होती, आणि एकतीस वर्षांची सवय अशी की वही हातात आली की वाचायचीच. "नवऱ्याच्या साखरेची," त्यांनी मोठ्यानं वाचलं, "मी धरली गं गाठ, तो म्हणे दवाखाना, धरी हलवाईची वाट." गुणाकर ओरडला, "उमा!" उमानं सोनपापडीनं माखलेला चेहरा दोन्ही हातांत लपवला. "बाई, पुढचं नोका वाचू जी, तुमच्या पाया पडते, पुढं ताई आहे."

"वाचा," गीता म्हणाली.

मधुवंतीबाईंनी चष्मा सारखा केला.

नणंद येते बाई
गोंद्याच्या गाडीनं,
पुसते आईचं दार
आपल्या साडीनं.

आधी गीताच्या नाकातून एक आवाज आला. सगळ्यांना वाटलं, रडली. मग तो आवाज वाढला, खांदे हलले, आणि ती हसत होती, अशी हसत होती की पोट धरून ओट्याला टेकली, डोळ्यांतून पाणी, गालावर सोनपापडीचा चिखल. "साडीनं!" ती म्हणाली. "साडीनं म्हणे! अन् तुमी मेले इथं दुकान चालवून राह्यले!" मग श्रुतिका हसली, गुणाकर हसला, उमा गीताच्या गळ्यात पडून हसली. शेजारच्या गच्चीवरून कोणीतरी "क्या हुआ?" म्हणून विचारलं, तर सगळी आणखीच हसत सुटली.

हसू ओसरल्यावर गीतानं फडकं घेतलं, सोड्याच्या पाण्यात पिळलं. वरच्या फळीवर तिनं आईचे डबे लावले, मोबाईलमध्ये न पाहता. खालची फळी पुसून उमाकडं वळली. "ही तुझी, वहिनी. आण तुझं ते मसाल्याचं खोकं. कंबर मोडली असन तुझी, अन् बोलली नाहीस मेली." मग मधली फळी. ती तिनं दोनदा पुसली, कोपरे बोटानं पुसले, आणि बाजूला झाली.

"ही तुमची," ती मधुवंतीबाईंना म्हणाली. "बाराची बस जाऊ द्या."

भैयालाल मटकन पाटावर बसले.

मधुवंतीबाईंनी त्या रिकाम्या फळीकडं पाहिलं. पेपर पाहणारा तो चेहरा गेला होता. त्या जागी शाळेच्या पहिल्या दिवशी वर्गाच्या दारात उभ्या राहिलेल्या मुलीचा चेहरा होता. त्यांनी काखेतली पर्स पुढं घेतली, चेन अर्धी उघडली, आणि थांबल्या.

"मले पण एक ठेवाचं आहे," त्या हळूच म्हणाल्या. "पण सगळ्यांसमोर..."

आधी गीता वळली, भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. तिच्या शेजारी उमा. मग गुणाकर, श्रुतिका. भैयालालांनी पाटावरूनच मान थोडी तिरपी ठेवून पाहायचा प्रयत्न केला, तर नातीनं त्यांची हनुवटी धरून भिंतीकडं वळवली. पाचही जण ओळीनं उभे-बसलेले, केसांत सोनपापडी, भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरकडं मन लावून पाहत. मागं पर्सची चेन वाजली. फळीवर काहीतरी ठेवल्याचा छोटासा आवाज झाला.

"पाह्याचं का आता?" गुणाकर पुटपुटला.

"नाही," गीता म्हणाली. "त्यायले दार लावू दे आधी."